बिननावाचा अर्ज

कौतिक शिपायाने कोर्टाच्या व्हरांड्यातून नाव पुकारलं, की रस्त्यापलीकडच्या टपरीवर बसलेला साक्षीदार चहाचा कप तसाच ठेवून उभा राहायचा. असा आवाज. एकतीस वर्षं त्याने हेच केलं. पांढरा ड्रेस, खांद्यावरून लाल पट्टा, त्यावर पितळी बिल्ला, आणि थोड्या थोड्या वेळाने दारात येऊन कुणाचं तरी नाव तीन वेळा घ्यायचं. साहेब बदलून गेले, वकील म्हातारे झाले, कौतिकचा आवाज होता तसाच राहिला. एका साहेबांनी तर सगळ्यांदेखत म्हटलं होतं, "कौतिक, तुझ्यापुढे लाउडस्पीकर काय करणार!" त्याने घरी येऊन बायकोला हे मोठ्या ऐटीत सांगितलं. प्रमिलाबाई भाकरी थापताना म्हणाली, "घरमाबी तोच आवाज शे. तुम्ही पाणी मांगतस तं शेजारीण तांब्या लई येस."

हे कोर्ट कोणत्या तालुक्याचं ते मी सांगणार नाही. धुळे जिल्ह्यातलं होतं, एवढं पुरे. आणि आता ज्या मुलीची गोष्ट येणार आहे तिचं नाव, तिचं गाव, तिची जात, यातलं काही मला विचारू नका. सगळ्यांनी तेच तर विचारलं. तेच विचारून विचारून लोकांनी कौतिकचं डोकं उठवलं.

शहाऐंशी सालच्या मार्चमध्ये ती नऊ वर्षांची होती. गावात शिकवणी घेणाऱ्या एका माणसाने तिच्याशी वाईट वर्तन केलं होतं. आईला कळलं, आईने गप्प बसायचं नाकारलं, केस उभी राहिली. आई म्हणजे पुष्पाबाई. शेतमजुरी करणारी, नवरा वारलेला, आणि सगळं गाव त्या मास्तरच्या बाजूचं. साक्षीच्या दिवशी मास्तरसाठी ट्रॅक्टर भरून माणसं आली होती. व्हरांड्यात उभं राहायला जागा नव्हती.

कौतिक दारात आला. हातातल्या कागदावर बघितलं, मान वर केली, आणि रोजच्यासारखं दणक्यात पुकारलं. मुलीचं नाव, बापाचं नाव, आडनाव, मुक्काम अमुक. एकदा. दोनदा. तीनदा.

व्हरांड्यातल्या सगळ्या माना एकदम तिच्याकडे वळल्या. तोवर आपल्या पायाने चालत आलेली ती पोर खांबाला चिकटली ती निघेना. आईने कशीबशी आत नेली. आत मास्तर समोरच उभा. न्यायाधीश साहेब भले माणूस होते, त्यांनी गोडीने विचारलं, पाणी दिलं, पुन्हा विचारलं. पोरीच्या तोंडून शब्द फुटला नाही. पुढे चार महिन्यांनी पुराव्याअभावी मास्तर सुटला आणि त्याच ट्रॅक्टरवर गुलाल उधळत गावात गेला.

कौतिकला त्या दिवशी काही वाटलं का? काहीही नाही. खोटं कशाला सांगू? त्याने दुपारी डबा खाल्ला, चारला चहा प्याला, संध्याकाळी घरी गेला. नाव घेणं त्याचं काम, नाव घेतलं, झालं.

वाटलं ते वर्षभराने. त्याच गावात त्याची बहीण दिलेली होती. तिच्या नातवाचं जाऊळ होतं म्हणून कौतिक गेला. जेवणं झाली, तो ओट्यावर पान लावत बसला होता, आणि समोरच्या बोळातून त्याला स्वतःचाच आवाज ऐकू आला. म्हणजे अगदी त्याचाच. सुरुवातीला खालून उचललेला, मध्ये लांबवलेला, शेवटी झटका दिलेला. सात-आठ पोरं एका ओळीत उभी राहून एका मुलीच्या मागे ओरडत होती. नाव, बापाचं नाव, आडनाव, आणि शेवटी "हाजीर होऽऽ!" तीन वेळा. मुलगी डोक्यावरची घागर सावरत भराभर चालत होती. मागे वळून बघत नव्हती. तिला सवय झालेली दिसत होती.

कौतिकच्या हातातलं पान तसंच राहिलं. बहिणीला विचारलं तर ती सहज म्हणाली, "अरे, वरीस झालं. शाळेतबी तेच करतात. तिने शाळा सोडली ना मग."

तो उठला आणि घर विचारत पुष्पाबाईकडे गेला. तिने त्याला पट्ट्याशिवायही ओळखलं. तो दारातच उभा राहिला. शेवटी तीच म्हणाली, "तुम्ही तं एकदाव पुकारं, शिपाईभाऊ. हाई गाव रोज पुकारस."

शिवी दिली असती तर बरं झालं असतं, असं कौतिक पुढे कैकदा म्हणायचा.

पुष्पाबाईने मग मुलीला भावाकडे ठेवलं, दोंडाईच्याच्या बाजूला. तिथे कुणाला काही ठाऊक नव्हतं. पोरगी पुन्हा शाळेत जायला लागली. त्या दिवशी तिच्या घरून निघताना कौतिकने पुष्पाबाईला शब्द दिला होता, की मी काहीतरी करीन, आणि काहीही केलं तरी तुमच्या पोरीचं नाव माझ्या तोंडून पुन्हा निघणार नाही. पहिल्या भागाचं काय करायचं ते त्याला माहीत नव्हतं. दुसरा भाग त्याला सोपा वाटला होता.

कोर्टात रुपचंद वकील होते, जरा बोलके. कौतिकने त्यांना गाठलं. वकीलसाहेब म्हणाले, "बलात्काराचा खटला असेल तर दार बंद करून चालवायची तरतूद झालीय. नाव छापायलाही बंदी आहे. पण हिची केस विनयभंगाच्या कलमाखाली. तिथे सगळं उघड्यावर, पुकारा पण. पोरगी नऊ वर्षांची असो की नव्वदची."

"मग काय करायचं, साहेब?"

"कायदा बदलायचा," वकील हसून म्हणाले आणि फाइल बगलेत मारून उठले. "एखाद्या आमदाराने विधेयक मांडलं पाहिजे. पण एकट्याने मांडलं तर बाकीचे हाणून पाडतात. निदान तीन पक्षांचे तीन आमदार पाठीशी पाहिजेत. जा, आण तीन सह्या."

वकील बोलून गेले. त्यांना वाटलं, सुटलो. पण एकतीस वर्षं ज्याने साहेबांनी सांगितलं की निघायचं एवढंच केलं, त्याला असं काही सांगू नये. अठ्ठ्याऐंशीत कौतिक रिटायर झाला, धुळ्याला मुलाकडे राहायला आला, आणि दुसऱ्या आठवड्यात बाहेर पडला.

अर्ज त्याने स्वतःच्या हाताने लिहिला होता. एक पान. लहान मुलाचं नाव कोर्टाबाहेर पुकारू नये. त्याची साक्ष दार लावून घ्यावी. ज्याच्याविरुद्ध साक्ष आहे तो पोराच्या डोळ्यांसमोर नसावा. आणि कुठल्याही कागदावर पोराचं नाव उघडं लिहू नये. चार मागण्या. चौथी इयत्ता शिकलेल्या माणसाने याहून सरळ काय लिहावं?

पहिल्यांदा गेला तो सुकदेवअण्णांकडे. अण्णा सत्तेतल्या पक्षाचे, देवपुरात बंगला. बंगल्याच्या ओट्यावर सकाळी आठपासून माणसं. कौतिक पाच वेळा गेला तेव्हा सहाव्यांदा आत बोलावणं आलं. अण्णांनी अर्जावरून नजर फिरवली. वाचला नाही, फिरवली.

"चांगला विषय आहे. मुलगी कोणत्या गावची?"

"ते नाही सांगत, अण्णा."

"बरं. समाज कोणता?"

"तेपण नाही."

"आरोपी कुणाचा माणूस होता? म्हणजे, आपला तर नव्हता ना?"

"अण्णा, केस संपली. मी पुढच्या पोरांसाठी..."

"अहो आबा, पण नाव नाही, गाव नाही, मग मी सही कुणासाठी करायची?" अण्णा खरोखरच गोंधळले होते. आयुष्यात त्यांच्यासमोर बिननावाचा अर्ज आलाच नव्हता. त्यांचा स्वीय सहायक छगन दारात उभा होता, तोही मान हलवत म्हणाला, "अर्जदाराचं पूर्ण नाव ही पहिली ओळ असते, आबा. त्याशिवाय आवकजावकला नोंद होत नाही."

दोन तास बसून, 'बघू, करतो' एवढंच पदरात पाडून कौतिक परत आला. पांझरेचा पूल ओलांडताना तो इतक्या मोठ्याने स्वतःशी बोलत होता की सायकलवाले वळून बघत होते. नाव घेऊ नका असं लिहिलेल्या कागदावर यांना नाव पाहिजे! आंधळ्याला तरी हाताला धरून दाखवता येतं, यांचं काय करायचं?

हिलालनाना विरोधी पक्षातले. साधे माणूस, अंगात बंडी, हातात अडकित्ता. त्यांनी अर्ज पूर्ण वाचला, दोनदा वाचला, डोळे पुसले. कौतिकला वाटलं, जिंकलो. नाना म्हणाले, "सुकदेवने केली का सही?"

"करतो म्हणाले."

"कुठे करणार? वर?"

"कुठेही करू द्या ना, नाना."

"असं कसं? तो वर आणि मी खाली? उद्या पेपरात येईल, हिलालने सुकदेवच्या विधेयकाला पाठिंबा दिला. मी त्याच्या पक्षाविरुद्ध तीन इलेक्शन लढलोय, आबा. आधी माझी घ्या, वर. मग तो खाली करू दे."

अण्णांना हे सांगितलं तर अण्णा म्हणाले, मी सत्तेत आहे, मी खाली का? मग कौतिक पुन्हा नानांकडे. मग पुन्हा अण्णांकडे. पहिले कोण, यात एक वर्ष गेलं. ऐकताय ना? एक वर्ष. तेवढ्या काळात पोरगी एक इयत्ता पुढे गेली, आणि जिल्ह्यातल्या कोर्टांच्या व्हरांड्यांत किती नावं पुकारली गेली असतील याचा कौतिकने हिशोब करायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला.

तिसरे जवरीलालशेठ. आडत दुकान, आणि तिसऱ्याच पक्षाचे आमदार. शेठ पुढे-मागे कुठेही सही करायला तयार. फक्त एक अट. "कार्यक्रम घेऊ. हॉल मी देतो. तिन्ही पक्ष एका स्टेजवर, असं धुळ्यात कधी झालं नाही. शाल, श्रीफळ, हार. त्या मुलीचाही सत्कार करू. धाडसी बालिका!"

"शेठ, तिचं नाव कुणाला कळू नये म्हणून तर हे सगळं चाललंय."

"मग नाव न घेता सत्कार करू."

"स्टेजवर बसवून?"

शेठ विचारात पडले. "तोंडावर पदर घेऊ द्या," ते म्हणाले.

कौतिकने कपाळावर हात मारला. शब्दशः मारला, शेठचा मुनीम वळून बघायला लागला. अखेर मुलीऐवजी तिन्ही आमदारांचा सत्कार करायचा ठरलं, तेव्हा शेठ पटकन तयार झाले. आता राहिला प्रश्न वर-खालीचा.

तो प्रमिलाबाईने सोडवला. कौतिक स्वयंपाकघरात बसून दोन्ही आमदारांच्या नावाने बोटं मोडत होता. तिने समोरची बशी उचलली, अर्जाच्या खालच्या कोऱ्या जागेवर उपडी ठेवली आणि पेन्सिलने भोवती गोल काढला. "या गोलवर करा म्हना सह्या. वरबी कोनी नही, खालबी कोनी नही. भांडा म्हना आते."

कौतिकने गोलावरून एकदा बोट फिरवलं. मग कागद घेऊन पळाला. अण्णांना गोल आवडला. नानांना आवडला. शेठ तर म्हणाले, हे पेपरात छापून येईल. फक्त छगनने कागद उजेडात धरला आणि नाक मुरडलं. बशी नीट धुतलेली नव्हती, चहाचा डाग पडला होता. "विधानसभेत जाणारा कागद आहे, आबा. मी बाँड पेपरवर टाइप करून घेतो, गोलही कंपासने काढतो. तुम्ही काळजी करू नका."

आणि कौतिकने काळजी केली नाही. एवढी एकच चूक त्या माणसाने केली. दोन वर्षं दारोदार फिरून तो थकला होता, बासष्ट वय झालं होतं, आणि कुणीतरी प्रथमच आपण होऊन काम अंगावर घेत होतं.

नव्वदच्या नोव्हेंबरात, नागपूर अधिवेशनाच्या तोंडावर, देवपुरातल्या एका मंगल कार्यालयात कार्यक्रम ठरला. कौतिकने दोंडाईच्याकडे निरोप धाडला नव्हता. पण पुष्पाबाईला कुठून तरी कळलं आणि ती सकाळीच घरी आली, मुलीला घेऊन. मुलगी आता तेरा वर्षांची, आठवीत, दोन वेण्या घातलेली. पुष्पाबाई पोरीकडे बोट दाखवत म्हणाली, "हाई म्हनस माले ऐकनं शे."

"मागच्या रांगेत बसा," कौतिक म्हणाला. "कुणी विचारलं तर प्रमिलाच्या माहेरची सांगा." मुलीने मान हलवली. ती त्याच्याशी तेव्हाही काही बोलली नाही. तशी ती कधीच बोलली नव्हती.

हॉलमध्ये अडीचशे माणसं. स्टेजवर फलक, त्यावर तिन्ही आमदारांची नावं. तीसुद्धा गोलात लिहिलेली, त्यामुळे वाचायला मान वाकडी करावी लागत होती. बाजूच्या खोलीत चहा पिता पिता सह्या झाल्या. छगनने पान पुढे केलं, खाली दोन कार्बन कॉप्या, अण्णांनी बोलता बोलता सही केली, नानांनी चष्मा घरी राहिला म्हणून अंदाजाने केली, शेठनी शाई लागेल म्हणून पान दूर धरून केली. कौतिकने लांबून बघितलं. तीन सह्या, तीन पक्ष, एक गोल. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्याने सदऱ्याच्या बाहीला पुसलं.

मग भाषणं. अण्णा चाळीस मिनिटं बोलले, त्यात मुलांचा विषय शेवटी आला. नाना पस्तीस मिनिटं बोलले आणि अण्णांच्या चाळीस मिनिटांना उत्तर दिलं. शेठ थोडंच बोलले, पण सर्वांचे आभार नाव घेऊन मानले. हार घालून झाले. मागच्या रांगेतलं एक म्हातारं झोपलं. शेवटी सूत्रसंचालक म्हणाला, "आता निवेदनाचं वाचन. ज्यांचा आवाज सगळ्या जिल्ह्याला माहीत आहे, त्या कौतिकआबांनीच ते करावं!"

टाळ्या झाल्या. कौतिक उठला. छगनने अदबीने कागद त्याच्या हातात दिला. गुळगुळीत, पांढराशुभ्र कागद. कौतिकने माइक बाजूला सारला, त्याला कशाला लागतोय. आणि वाचायला लागला.

"महाराष्ट्र राज्यातील लहान बालक-बालिकांवर होणाऱ्या अत्याचारांच्या खटल्यांत..." हॉल शांत झाला. काय आवाज होता! मागचा म्हातारा जागा झाला. "...बालकाचे नाव जाहीररीत्या पुकारले जाते, त्यामुळे त्यास आयुष्यभर त्रास होतो. उदाहरणार्थ, सन एकोणीसशे शहाऐंशीमध्ये मौजे..."

कौतिक थांबला.

मौजेच्या पुढे गावाचं नाव होतं. त्याच्यापुढे कुमारी, आणि पुढे सगळं. मुलीचं नाव, बापाचं नाव, आडनाव, वय, जात. एकही गोष्ट सुटलेली नव्हती.

त्याने कागदावरून डोळे वर केले. शेवटच्या रांगेत दोन वेण्या होत्या. ती त्याच्याकडेच बघत होती, हात मांडीवर घट्ट धरून. तिला कागदात काय आहे ते दिसत नव्हतं, पण 'मौजे' ऐकू आलं होतं.

"आबा, चष्मा विसरलात का?" अण्णा हसून म्हणाले. लोकही हसले.

"छगन, तू वाच रे पुढे," शेठ म्हणाले. छगन पुढे आला आणि कागदाला हात लावला. कौतिकने कागद सोडला नाही. हळू आवाजात विचारलं, "हे कुठून आणलं तू?"

"निकालाची नक्कल काढली, आबा," छगन कुजबुजला. त्याच्या चेहऱ्यावर खरंच अभिमान होता. "नुसतं 'एक बालिका' म्हटलं तर सभागृहात वजन पडत नाही. केस कोणती ते रुपचंद वकिलांकडून कळलं, मग तीन खेपा मारल्या मी कोर्टात त्यासाठी."

आता काय म्हणायचं अशा माणसाला? मारायचं? त्याने तर मनापासून काम केलं होतं! दोन वर्षं. सत्तावीस खेपा अण्णांकडे, नानांकडच्या मोजल्याही नव्हत्या. त्या तीन सह्या पुन्हा एका कागदावर येतील याची काही खात्री नव्हती. आणि हा कागद नागपूरला गेला, तर तिथे कुणीतरी उभा राहून हेच नाव मोठ्याने वाचणार होता. पेपरात येणार होतं. दोंडाईच्यालाही पेपर जातो, आणि तिथल्या बोळातही पोरं आहेत.

"अण्णा," तो वळून म्हणाला, "या कागदावर सही केलीत. वाचलात का?"

अण्णा नानांकडे बघायला लागले. नाना शेठकडे. "विषय माहीत आहे ना आम्हाला," शेठ म्हणाले.

"नाना, तुम्ही?"

"चष्मा नव्हता ना, आबा."

कौतिकने मोठा श्वास सोडला. त्याला वाटलं ओरडावं, आणि त्याच वेळी असं वाटलं की तिघांच्या पाया पडावं. पुढाऱ्यांच्या न वाचण्याचा जन्मात एकदा उपयोग झाला होता. स्टेजवर तिघांपैकी एकालाही ते नाव माहीत नव्हतं.

"एकतीस वर्षं मी नावं पुकारली," तो म्हणाला. आवाज एवढा खाली आला होता की पुढच्या रांगेलाही कान द्यावे लागले. "हे नाही पुकारणार."

आणि त्याने कागद फाडला. मधोमध, गोलातून. मग आडवा. मग दोन्ही कार्बन कॉप्या. तुकडे खिशात कोंबले, एकही खाली पडू दिला नाही.

मग जे व्हायचं तेच झालं. "अरे, सह्या फाडल्या!" नाना उठून उभे राहिले. अण्णा म्हणाले, हा सत्तेचा अपमान आहे. नाना म्हणाले, विरोधी पक्षाचाही आहे. त्या एका मुद्द्यावर दोघांचं एकमत झालं. तिन्ही पक्ष मिळून एका रिटायर शिपायावर तुटून पडले, असंही धुळ्यात कधी झालं नसेल. शेठ पेढे वाटायला सांगत होते, कारण पेढे आणलेले होते. कौतिक स्टेजवरून खाली उतरला.

छगन मागे धावत आला, रडकुंडीला आलेला. "आबा, माझं काय चुकलं? नावाशिवाय अर्ज असतो का?"

"ती नक्कल दे इकडे."

छगनने पाकिटातून घडी काढून दिली.

"आणि नाव विसर."

छगनने रिकामं पाकीट खिशात घातलं. मग कुठेतरी काहीतरी त्याच्या टाळक्यात शिरलं असावं. तो मान खाली घालून म्हणाला, "बरं, आबा."

एसटी स्टँडवर पुष्पाबाई आणि मुलगी दोंडाईच्याच्या गाडीची वाट बघत बसल्या होत्या. कौतिक बाकाच्या टोकाला बसला. खिसा कागदांनी फुगलेला. "पुष्पाबाई, माझ्यामुळे परत सगळं पहिल्यापासून," एवढं म्हणाला आणि थांबला. पुष्पाबाईने लुगड्याचा पदर तोंडाला लावला होता.

मुलगी बोलली. चार वर्षांत पहिल्यांदा त्याने तिचा आवाज ऐकला. लहान, पण स्वच्छ आवाज होता.

"आबा, त्या दिन माले बोलनं व्हतं. बठ्ठं पाठ करेल व्हतं मी. घरून निंघताना मायले म्हनी दखाडेल व्हतं." ती थांबली. समोर कंडक्टर पाट्या बदलत होता, ती तिकडे बघत राहिली. "मंग तुम्ही मन्हं नाव पुकारं."

कौतिकने मान खाली घातली.

"आज नही पुकारं," ती म्हणाली.

गाडी लागली. त्या दोघी चढल्या, खिडकीची जागा मिळाली. गाडी आग्रा रोडला वळेपर्यंत कौतिक उभा होता. मग चालत घरी आला, कोपऱ्यातली खुर्ची ओढून बसला. प्रमिलाबाई आतून म्हणाली, "काय व्हयनं? जमनं का?"

त्याने ट्रंकेतून कोरा कागद काढला, मांडीवर पाट घेतला. पेन झटकून बघितलं.

"बशी दे," तो म्हणाला. "आणि या टायमाला धुऊन दे."